चाकाखालचं जातं

घरातल्या फरशीवर चाकांच्या खुर्चीने उमटणारे ओरखडे नेमके कशाचे असतात? वजनाचे, चाकाचे, की तिसऱ्याच कशाचे?

रात्री खोलीतला दिवा मालवा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि फोन जमिनीवर असा आडवा ठेवा, की उजेड फरशीला घासून जाईल. आता टेबलासमोरची, चाकांच्या खुर्चीखालची जागा बघा. दिवसा चांगली दिसणारी तीच फरशी शेकडो बारीक चऱ्यांनी भरलेली दिसेल. हे चरे वाटेल तसे पसरलेले नसतात. टेबलाच्या कडेशी अरुंद आणि मागे रुंद होत जाणारा, धान्य पाखडायच्या सुपासारखा त्यांचा आकार असतो.

माझ्या घरातलं हे सूप मला चार वर्षांनी दिसलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि घराघरांत स्वयंपाकघराचं टेबल, दिवाणाची कड, इस्त्रीचा पाट अशा मिळेल त्या जागी ऑफिस थाटलं गेलं. महिनाभरात पाठी बोलू लागल्या, मग चाकांच्या खुर्च्या आल्या. आमच्याकडेही एक आली. आमचं घर पुण्यातल्या जुन्या इमारतीत, खाली मोझॅकच्या टाइल. सिमेंटमध्ये संगमरवराचे रंगीत तुकडे बसवून घासलेल्या या टाइलची चमक चाळीस वर्षं टिकली होती. टेबलासमोर ती चार वर्षांत गेली.

पॉलिश करायला आलेल्या मिस्त्रींना मी म्हटलं, “खुर्चीच्या वजनाने वाट लावली बघा.” त्यांनी काही न बोलता खुर्ची उलटी केली, एका चाकाच्या फटीतून नख फिरवलं आणि निघालेला ऐवज तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला. केस, दोऱ्याचा गुंता, करडी धूळ आणि त्या धुळीत उजेडात चमकणारे तीन-चार कण.

“काका, वजन बिचारं काय करणार? हे बघा जातं. खुर्ची नुसती वरून फिरवतेय.”

नंतर बसून हिशोब केला, तेव्हा मिस्त्रींचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

वजनाचा हिशोब

समजा माणूस ७५ किलोचा आणि खुर्ची १५ किलोची. हे ९० किलो पाच चाकांवर सारखे वाटले, तर प्रत्येक चाकावर १८ किलो येतात. आकडा किरकोळ वाटतो. पण हे १८ किलो फरशीच्या किती जागेवर टेकतात, हा खरा प्रश्न आहे.

गोल वस्तू सपाट पृष्ठभागावर ठेवली, की भूमितीच्या पुस्तकात ती एका रेषेवर टेकते. प्रत्यक्षात दोन्ही पदार्थ किंचित दबतात आणि रेषेची पट्टी होते. ही पट्टी किती रुंद असेल, याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. विद्युतचुंबकीय लहरींच्या प्रयोगांमुळे पुढे त्यांचं नाव वारंवारतेच्या एककाला मिळालं, ते हेच हर्ट्‌झ. बॉल बेअरिंग, गिअर, रेल्वेचं चाक अशा सगळ्या ठिकाणी आजही त्यांचं सूत्र वापरतात. ते आपल्या खुर्चीला लावू. कडक नायलॉनचं, पाच सेंटिमीटर व्यासाचं जोडचाक घेतलं आणि त्याची फरशीला लागणारी धाव एकूण दोन सेंटिमीटर धरली, तर संपर्काची पट्टी जेमतेम पाऊण मिलिमीटर रुंद निघते. म्हणजे १८ किलो टेकले आहेत ते तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर. दाब होतो चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वाशे किलो.

तुलनेसाठी मोटारीचं चाक घ्या. पेट्रोल पंपावर आपण तीस-बत्तीस हवा भरतो, ती चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास असते आणि टायर रस्त्यावर साधारण तेवढाच दाब देतो. म्हणजे टनभर वजनाच्या मोटारीपेक्षा पन्नास पटींहून अधिक दाब ही खुर्ची फरशीवर टाकते.

तरीही फरशी त्याने खचत नाही. चांगला संगमरवर चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्या आसपासचा दाब सहज सोसतो. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइलची ताकद त्याहून जास्त. लाकूड आणि व्हिनाइल सोडले, तर निव्वळ वजनाच्या आरोपातून खुर्ची निर्दोष सुटते.

चाकाचं काय? नायलॉन हाताला कडक लागतं, पण आहे प्लास्टिकच. दगडापुढे ते मऊ आहे. नखाने किंवा चाकूने नायलॉनवर ओरखडा पडतो, नायलॉनने संगमरवरावर पडत नाही. फरशीवर कधी कधी चाकाच्या काळ्या रेघा दिसतात, त्या उलट चाकाचीच झीज असते. पेन्सिलचं खोडरबर घेऊन घासून बघा. रेघ निघाली तर फरशी शाबूत आहे. निघाली नाही आणि नख अडकलं, तर मात्र तिथे तिसरा कुणीतरी येऊन गेला आहे.

तिऱ्हाईत

एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांच्या शास्त्राला ट्रायबॉलॉजी म्हणतात. घर्षण, झीज आणि वंगण यांचा हा अभ्यास तसा जुना. नाव मात्र १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या पीटर जोस्ट यांच्या अहवालामुळे रूढ झालं. या शास्त्रात झिजेचा एक प्रकार तीन वस्तूंमुळे होणारा मानतात. दोन पृष्ठभाग आणि त्यांच्यामध्ये शिरलेला तिऱ्हाईत कण. भांडण दोघांचं, नुकसान तिसऱ्यामुळे, असा हा मामला.

१८१२ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्‌स यांनी खनिजांची दहा पायऱ्यांची उतरंड लावली. वरच्या पायरीवरचं खनिज खालच्यावर ओरखडा काढतं, एवढाच तिचा नियम. तळाला टाल्क, म्हणजे टाल्कम पावडरमधलं खनिज. शेवटी दहाव्या पायरीवर हिरा. आपलं नख अडीचच्या आसपास येतं. संगमरवर कॅल्साइटचा बनलेला असतो, त्याचा क्रमांक तिसरा. मराठी घरांतली शहाबादी फरशी आणि ओट्यावरचा कडप्पा हे चुनखडक आहेत, तेही याच कुळातले. कोटा फरशी चुनखडकच, थोडी अधिक चिवट. नदीच्या वाळूतला मुख्य कण क्वार्ट्‌झचा असतो, म्हणजे गारेचा. त्याची पायरी सातवी.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, बेसाल्टचा आहे आणि बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ फारसं नसतं. पण म्हणून सुटका होत नाही. बेसाल्टमधली मुख्य खनिजं, म्हणजे फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, साडेपाच ते सहाच्या पायरीवर आहेत. शेजारी बांधकाम चालू असेल, तर हाच दगड भरडून केलेली क्रश सँड वाऱ्याबरोबर आणि चपलांबरोबर घरात येते. खडीच्या यंत्रात फुटलेल्या त्या कणांच्या कडा नदीत गोटा होऊन आलेल्या वाळूपेक्षा धारदार असतात. तीनच्या फरशीवर सहाचा कण आला, की निकाल ठरलेला.

आता चाकाखाली असा एक कण सापडला असं समजा. चाकावरच्या १८ किलोंपैकी फक्त दहावा हिस्सा त्याच्यावर आला आणि त्याचा कोपरा फरशीला चौरस मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या जागेवर टेकला. दाब होतो चौरस सेंटिमीटरला अठरा हजार किलो. हजार किलो सोसणारा संगमरवर इथे हात टेकतो. कण आत रुततो, चाक पुढे सरकतं आणि मागे चरा राहतो. चऱ्यातून निघालेली भुकटी मऊ असते, ती काही करत नाही. कण मात्र तसाच असतो आणि पुढच्या फेरीला तयार होतो.

फेऱ्या किती होतात? दिवसातून शंभर वेळा खुर्ची फूटभर मागेपुढे सरकली, तर तीस मीटर. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले, तर साडेसात किलोमीटर. तेही दोन-अडीच चौरस मीटरच्या जागेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये झिजेचा एक साधा नियम मांडला. झीज भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, तर झिजणाऱ्या वस्तूच्या कठीणपणाच्या प्रमाणात घटते. फरशीचा कठीणपणा आपल्या हाती नसतो. भार तर आपणच असतो. उरतं घासणं, आणि बाकी सगळा लेख त्याबद्दल आहे.

उलटं पॉलिश

मोझॅकच्या फरशीला चमक येते कशी? मिस्त्री यंत्राला कार्बोरंडमचे, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे दगड लावतात. कठीणपणात हा पदार्थ नवव्या पायरीच्याही थोडा वर आहे. आधी जाड दाण्याचा दगड, मग बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक दगड आधीच्याने काढलेले चरे पुसतो आणि स्वतःचे, त्याहून बारीक चरे मागे ठेवतो. म्हणजे पॉलिश करणं म्हणजेसुद्धा ओरखडेच काढणं. फक्त शिस्तीत, उतरत्या क्रमाने.

चरे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या साधारण निम्म्यापेक्षा, लहान झाले, की प्रकाशाला ते जाणवत नाहीत. सगळे किरण एकाच दिशेला परततात आणि फरशीत खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. खुर्ची हेच काम उलट्या बाजूने करते. ती जाड, वेडेवाकडे, न चाळलेले कण घेऊन येते आणि प्रकाशाला अडखळायला लावतील एवढे मोठे चरे काढते. किरण विखुरतात आणि फरशी मंद, पांढुरकी दिसते. तिथे घाण साचलेली नसते, म्हणून कितीही पुसली तरी ती उजळत नाही. अशा वेळी हात शिवशिवतात आणि कुणीतरी संडास धुवायचं ॲसिड आणतं. ते कदापि करू नये. संगमरवर, कोटा, शहाबादी आणि मोझॅक या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि ॲसिड ते खातं. लिंबूसुद्धा खातं. चऱ्यांवर खड्डे, एवढाच फायदा.

चाक वळतं कसं

खुर्चीला चाकं लावण्याची हौस जुनी आहे. इंग्लंडमधल्या डाउन हाउस या चार्ल्स डार्विनच्या घरात त्याची चाकं लावलेली आरामखुर्ची आजही पाहायला मिळते. एका नमुन्याकडून दुसऱ्याकडे उठून जाण्याचा वेळ त्याला वाचवायचा होता. अमेरिकेत टॉमस वॉरन यांनी १८४९ मध्ये स्प्रिंगवर डोलणारी, फिरणारी आणि चाकांवर सरकणारी खुर्ची केली. मात्र त्या काळच्या खुर्च्यांना चार पाय असत. आजच्या खुर्चीला पाच असतात, ते उलटू नये म्हणून. पायांची लांबी तीच ठेवली, तर चार पायांच्या खुर्चीची उलटण्याची कड मध्यापासून पायाच्या लांबीच्या ७१ टक्क्यांवर येते, पाच पायांच्या खुर्चीची ८१ टक्क्यांवर. पाचव्या पायाने मागे रेलण्याची मुभा दिली आणि फरशीवर फिरायला आणखी एक चाक दिलं.

या चाकाची गंमत त्याच्या पिनेत आहे. ज्या उभ्या पिनेभोवती चाक वळतं, ती चाकाच्या बरोबर मध्यावर नसते, थोडी बाजूला असते. त्यामुळे खुर्ची जिकडे ढकलाल तिकडे पीन पुढे जाते आणि चाक तिच्यामागे फरफटत येतं, मॉलमधल्या ट्रॉलीसारखं. पण दिशा बदलली, की मागे असलेल्या चाकाला अर्धवर्तुळ घेऊन पुन्हा मागे जावं लागतं. तेवढ्यात ते गोल फिरण्याऐवजी जागच्या जागी घासतं. चाकाच्या दोन बारीक चकत्या जोडीने लावण्याचं कारण हेच. वळताना एक चकती पुढे आणि दुसरी मागे फिरते, घासणं कमी होतं. संपत मात्र नाही.

गोल फिरणारं चाक कणाला फरशीवर दाबून उचलतं. घासणारं चाक त्याच कणाला नांगरासारखं ओढतं. म्हणून सर्वात खोल चरे सरळ रेषेत नसतात. आपण टेबलाकडून वळून फोन घ्यायला जातो, तिथे वळणावर ते असतात. सुपाचा आकार येतो तो यामुळे.

यात भर पडते केसांची. लांब केस, शिवणाचे दोरे, झाडूचे तुकडे चाकाच्या आसाला गुंडाळले जातात आणि एक दिवस चाक फिरणंच बंद करतं. आपल्याला कळत नाही, कारण बाकीची चार चाकं खुर्ची ओढून नेतात. ते पाचवं मुकाट फरशी कोरत राहतं.

मऊ चाकाचा गुण आणि खोड

बहुतेक खुर्च्या कडक काळ्या नायलॉनच्या चाकांवर येतात. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने तयार केलं आणि मोज्यांमुळे ते जगभर गाजलं. स्वस्त, चिवट, न गंजणारं म्हणून चाकांसाठीही ते उत्तम. पण ही चाकं गालिच्यावरच्या ऑफिसांसाठी आहेत. मऊ गालिच्यात मऊ चाक रुततं आणि ढकलायला जड जातं, कडक चाक सहज सरकतं. उघड्या, कडक फरशीवर नेमकं उलट हवं. सूत्र सोपं आहे, मऊला कडक आणि कडकला मऊ. युरोपीय मानकात या दोन जाती वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून खूणच ठरवली आहे. कडक चाक एकरंगी, तर मऊ चाकाची धाव वेगळ्या रंगाची. आपल्या बाजारात हा नियम नेहमी पाळलेला दिसत नाही, म्हणून नखाची परीक्षा घ्यावी. धावेत नख किंचित दबलं, तर चाक मऊ.

अशी धाव बहुधा पॉलियुरेथेनची असते. तिने फरक किती पडतो? हर्ट्‌झच्याच सूत्रात नायलॉनऐवजी त्याच्या शंभर पट मऊ पदार्थ घातला, तर पाऊण मिलिमीटरची पट्टी सात-आठ मिलिमीटर होते आणि दाब दहाव्या हिश्श्यावर येतो. कण सापडला तरी तो फरशीऐवजी चाकात रुततो.

इथेच खोड आहे. रुतलेला कण तिथेच राहतो. सुरतेत फिरत्या चकतीवर हिऱ्याला पैलू पाडतात, त्या यंत्राला घंटी म्हणतात, आणि गुजरातीत घंटी म्हणजे जातं. ही चकती बिडाची असते. बीड हिऱ्याहून कितीतरी मऊ, पण त्यात हिऱ्याची पूड रुतवलेली असते. मऊ चकती कणांना घट्ट धरते आणि जगातला सर्वात कठीण पदार्थ घासून काढते. वाळूचे कण रुतलेलं मऊ चाक ही तशीच चकती आहे. ते गोल फिरतंय तोवर फार बिघडत नाही, जागच्या जागी वळलं की ते पॉलिशपेपर होतं. म्हणून “मऊ चाकं लावली, आता काळजी नाही” हे अर्धंच खरं. मऊ आणि स्वच्छ, असं म्हणायला हवं.

पॉलियुरेथेनची दुसरी खोड कोकणपट्टीत आणि मुंबईत जास्त जाणवते. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे दोन-तीन पावसाळ्यांनंतर हातात भुगा होऊन येतात, हा अनुभव अनेकांना असेल. दमट हवेतलं पाणी पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांचे रेणू तोडतं. चाकांचंही तसंच होतं. आधी चिकट होतात, फरशीवर डाग सोडतात, मग धाव सुटते आणि आतलं कडक प्लास्टिक जमिनीला लागतं. वर्षातून एकदा, गौरी-गणपतीची साफसफाई काढाल तेव्हा, खुर्ची उलटी करून धावेवर अंगठा दाबून बघावा.

चाकं बदलणं अवघड नाही. बहुतेक खुर्च्यांच्या चाकांची पीन ११ मिलिमीटर जाडीची असते, काहींची १०. खुर्ची आडवी करून चाक सरळ ओढलं, की निघतं. नवं दाबलं, की बसतं. घेण्याआधी पीन मोजावी, इतकंच.

फरशी कोणती, दुखणं कोणतं

प्रत्येक फरशीची तक्रार वेगळी. संगमरवर, मोझॅक, शहाबादी आणि कोटा यांना कणांचा त्रास सर्वाधिक. पण त्यांचं एक भाग्य आहे. त्यांचा वरचा जाड थर एकाच घडणीचा असतो, त्यामुळे ती पुन्हा घासून नवी करता येतात.

व्हिट्रिफाइड टाइल सुमारे बाराशे अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि ती जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते. बेसाल्टच्या धुळीला ती दाद देत नाही, गारेच्या कणाला देते. तिचा खरा धोका वर नसून खाली असतो. टाइलखाली सिमेंट किंवा चिकट लेप नीट पसरला नसेल, तर पोकळी राहते आणि चाकाचा भार तिथे पुन्हा पुन्हा येऊन टाइल सुटते किंवा तडकते. टेबल मांडण्याआधी नाणं घेऊन फरशी ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला, तर खुर्चीची जागा बदला.

लॅमिनेट फरशी म्हणजे लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर रेझिनचा पारदर्शक थर. त्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. मोह्‌सच्या उतरंडीतली नववी पायरी, आपल्या जुन्या कारागिरांचा कुरुंद, तो हाच. या फरशांची परीक्षा घ्यायला खुर्चीच्या चाकांचीच एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. ९० किलोच्या भाराखाली चाकं फरशीच्या नमुन्यावर २५,००० फेऱ्या मारतात, मग नमुना तपासतात. अशी फरशी चरे सोसते, पण थर एकदा फाटला की संपलं. ती घासून नवी होत नाही आणि सांध्यात पाणी गेलं तर फुगते.

लाकडावर वजनाचा आरोप पहिल्यांदा खरा ठरतो. १९०६ मध्ये ऑस्ट्रियाच्या गाब्रिएल यांका यांनी लाकडाचा कठीणपणा मोजायची पद्धत काढली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत दाबायची आणि लागलेलं बल मोजायचं. सागाला सुमारे पावणेपाचशे किलोंचा भार लागतो, पांढऱ्या पाइनला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पाइनच्या जमिनीवर नायलॉनची चाकं म्हणजे रांगोळीचा छाप. मऊ, रुंद चाकाला इथे पर्याय नाही.

चटईचा प्रश्न

एवढं सगळं ऐकल्यावर बहुतेक जण खुर्चीखाली घालायची पारदर्शक चटई विकत आणतात. ती उपयोगी आहेच. फरशीच्या जागी स्वतः झिजते, हाच तिचा धर्म. पॉलिकार्बोनेटची चटई महाग पण ताठ असते, चाकांनी खळगे पडत नाहीत. पीव्हीसीची स्वस्त, पण काही महिन्यांत चाकांच्या जागी बसते आणि मग प्रत्येक वेळी खुर्ची खड्ड्यातून वर काढावी लागते. खालच्या बाजूला दात असलेली चटई गालिच्यासाठी असते. ती फरशीवर घातली, तर ओरखडे काढायचं कंत्राट तिलाच दिल्यासारखं होईल. व्हिनाइलवर रबरी बूड असलेलं काहीही ठेवू नये. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळे-तपकिरी डाग पडतात, ते पुसून जात नाहीत.

पण चटईची मुख्य अडचण वेगळीच आहे. तिच्या कडेवरून धूळ आत शिरते आणि बाहेर येत नाही. वर खुर्ची हलते, खाली चटई केसभर सरकते आणि तिच्या पोटातले कण घासत बसतात. जमिनीला ओल येणाऱ्या तळमजल्यावर ती ओलही कोंडते. चटई आठवड्यातून एकदा उचलून खालून पुसणार असाल, तरच घाला. नाहीतर जातं झाकून ठेवल्यासारखं होईल.

शनिवारची दहा मिनिटं

तेव्हा उपायांचा क्रम असा लागतो. पहिला झाडू, दुसरं मऊ चाक, तिसरी चटई. दुकानात तो नेमका उलटा दिसतो, कारण झाडूत नफा नाही.

केर काढताना टेबलाखालची जागा रोज आणि आधी झाडावी, मग पुसावी. न झाडता पुसलं, तर ओलं फडकं कण फरशीवर फिरवतं. आठवड्यातून एकदा खुर्ची उलटी करायची, आसाचे केस कात्रीने कापून काढायचे, चाकं ओल्या फडक्याने पुसायची. रुतलेले कण दिसत नसतील, तर धावेवर चिकटपट्टी दाबून ओढून काढावी. पट्टी उजेडात धरली, की आपल्या घरातली भूगर्भरचना दिसते.

आजोळी जमीन मातीची होती आणि दर आठ दिवसांनी आजी ती शेणाने सारवायची. त्या जमिनीला ओरखड्यांचं भय नव्हतं. पावलांनी, पाटांनी, खाटेच्या खुरांनी जो काही पापुद्रा जायचा, तो पुढच्या सारवणात भरून यायचा. झिजण्यासाठीच असलेला आणि पुन्हा पुन्हा नवा होणारा थर, हे लॅमिनेटच्या कंपन्यांना अजून जमलेलं नाही. आपण चकचकीत, न सारवायची जमीन घेतली, तेव्हा ते काम संपलं असं आपल्याला वाटलं. ते फक्त सारवण्याकडून झाडण्याकडे आलं.

मिस्त्रींनी दोन दिवसांत फरशी पूर्वीसारखी करून दिली. मी मऊ चाकं बसवली, शनिवारचा नेम धरला आणि वर्षभर तो बहुतांशी पाळला. परवा रात्री दिवा मालवून टॉर्च पुन्हा जमिनीवर ठेवला. टेबलासमोर सूप नव्हतं. खिडकीबाहेरच्या दिव्याचं प्रतिबिंब तिथे स्वच्छ उमटलं होतं. समाधानाने फोन उचलताना उजेड तिरपा झाला आणि गॅलरीच्या दारापासून टेबलापर्यंत एक अंधूक, हातभर रुंद वाट दिसली. तिच्यावर खुर्ची कधीच गेली नव्हती. झाडांना पाणी घालून मी रोज सकाळी त्याच चपला पायात ठेवून आत येत होतो.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते म्हणजे गॅलरीच्या दाराशी पायपुसणं टाकलं. चपला आता त्याच्या पलीकडे असतात.